बसच्या दारातला ४५७ मिलिमीटरचा पट्टा

व्हीलचेअरसकट माणसाला बसमध्ये उचलून घेणारी लिफ्ट पाहिली की मनात पहिली शंका येते ती वजनाची: मध्येच काही तुटलं तर? अमेरिकेत ही शंका नियमाने बरीचशी मिटवली आहे. तिथल्या सार्वजनिक बसच्या लिफ्टने ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो वजन उचलायचं असतं, आणि चाचणीत त्याच्या चौपट भार ठेवला तरी एकही भाग मोडता कामा नये.

खरी गोम आहे दारापाशी. उतरणारा प्रवासी अनेकदा पाठमोरा मागे येतो. प्लॅटफॉर्म बसच्या फरशीला टेकलेला आहे, असं तो गृहीत धरतो. चालकाने तो आधीच खाली नेला असेल तर मागची चाकं सरळ पोकळीत जातात.

म्हणूनच २००५ पासून लागू असलेल्या संघीय मानकात दाराच्या काठापासून आत ४५७ मिलिमीटरचा पट्टा ठरवून दिला आहे. प्लॅटफॉर्म फरशीपेक्षा २५ मिलिमीटरहून जास्त खाली असताना या पट्ट्यात चाक किंवा पाऊल आलं, की लाल दिवा लुकलुकायला हवा आणि किमान ८५ डेसिबलचा इशारा वाजायला हवा. हे ओळखायला कुठे फरशीवर दाब जाणणारी चटई असते, कुठे वर बसवलेला सेन्सर. चटईची वायर रोजच्या वर्दळीत झिजते, सेन्सरची दिशा थोडी हलली की पट्ट्याचा एखादा कोपरा त्याच्या नजरेतून सुटतो. लिफ्ट मात्र झकास वर-खाली होत राहते, त्यामुळे बिघाड कुणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या मते असा मुका बिघाड करकरणाऱ्या बिजागरीपेक्षा कितीतरी वाईट.

अशा वेळी रिकॉल होतो, म्हणजे कंपनी सदोष माल दुरुस्तीसाठी परत बोलावते, आणि त्यासाठी कुणी पडायची वाट पाहावी लागत नाही. मानक पाळलं गेलेलं नाही, एवढं कारण पुरतं. दोष नक्की झाल्यावर कंपनीने कामाच्या पाच दिवसांत रस्ते सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, साठ दिवसांत मालकांना पत्र धाडायचं आणि दुरुस्ती फुकट करून द्यायची. घोळ असा, की लिफ्ट बनवते एक कंपनी, बस दुसरी, आणि गाडी असते तिसऱ्याच्याच ताब्यात. पत्र योग्य टेबलावर पोचेपर्यंत बस रस्त्यावर धावत असते.

रोजची जबाबदारी शेवटी बस चालवणाऱ्या संस्थेवरच येते. लिफ्ट वारंवार तपासणं तिला कायद्याने बंधनकारक आहे. लिफ्ट बंद पडलेली बस दुसऱ्या दिवशी सेवा सुरू होण्याआधी बाजूला काढायची. बदली गाडीच नसेल तर मोठ्या शहरात तीन दिवस, ५० हजारांपर्यंत वस्तीच्या भागात पाच दिवस एवढीच सवलत. त्या काळात लिफ्ट चालू असलेली पुढची बस तीस मिनिटांहून जास्त लांब असेल, तर थांब्यावरच्या प्रवाशासाठी दुसरं वाहन लगेच पाठवावं लागतं.