टीटीसीचे उद्योग आणि खाडीची परतफेड : पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांची भाषा अलीकडे बदलली आहे. पूर्वी ‘नुकसान कमी करू’ म्हणायच्या, आता ‘घेतलं त्याहून जास्त परत देऊ’ म्हणतात. ‘रिजनरेटिव्ह’, म्हणजे पुनरुज्जीवन करणारी, ही कल्पना शेतीतून आली. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एका सेंद्रिय शेती संस्थेने ती रुजवली : मातीची झीज थांबली एवढ्यावर समाधान मानायचं नाही, पीक निघाल्यावर जमीन आधीपेक्षा कसदार दिसली पाहिजे. पुढे ती वास्तुरचनेत आणि तिथून कंपन्यांच्या अहवालांत गेली. शेतात ज्या मातीतून घेतलं तिलाच द्यायचं असतं, त्यामुळे ‘कुठे’ हा प्रश्न उद्भवत नाही. कारखान्यांबाबत खरा वाद त्यावरच आहे.

इथे घेतलं गेलं ते ठाणे खाडीतून. खाडीकाठी खारजमिनीवर बांध घालून आगरी शेतकरी भात पिकवत, मिठागरं चालत, कोळी खाडीत मासेमारी करत. १९६०च्या दशकात दिघ्यापासून नेरुळपर्यंत औद्योगिक पट्टा आखला गेला, १९७०नंतर शेजारी नवं शहर वसू लागलं, आणि दोन्हींचं सांडपाणी उताराने खाडीकडे गेलं. २००९च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात नवी मुंबईला ७३च्या वर गुण मिळाले. सत्तरच्या पुढे गेलेला पट्टा ‘अतिप्रदूषित’ धरला जाई. जानेवारी २०१०मध्ये अशा ४३ औद्योगिक समूहांत नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ रोखल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानतळाला मंजुरी मिळाली ती एका जागची खारफुटी काढून दुसऱ्या जागी खारफुटी उद्यानं करण्याच्या अटीवर. ‘इथलं गेलं, तिथलं घ्या’ हा हिशेब नवी मुंबईला तेव्हापासून ओळखीचा आहे.

एप्रिल २०१४पासून नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना बंधनकारक झालं. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. त्यातल्या दोन तरतुदी मात्र फारशा वाचल्या जात नाहीत, आणि परतफेडीचा आजचा गोंधळ बराचसा त्यांतून निघतो.

पहिली तरतूद जागेची. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कंपनी कायद्याच्या कलम १३५मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कायद्याची भाषा ‘द्यावंच लागेल’ अशीच आहे. ऑगस्ट २०२१मध्ये संबंधित मंत्रालयाने खुलासा केला की हे प्राधान्य केवळ मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. स्थानिक गरज आणि राष्ट्रीय प्राधान्यक्रम यांचा मेळ कंपन्यांनी घालावा. यामागे कारण नव्हतं असं नाही. कारखाने आणि मुख्यालयं मुंबई-ठाणे-पुण्याकडे एकवटलेली, आणि गडचिरोली-नंदुरबारला पैसा हवा असला तरी तिथे कंपन्या कुठून आणायच्या? पण एका खुलाशाने खाडीकाठच्या गावांच्या हातातला एकमेव कायदेशीर आधार पातळ झाला. ‘इथे कारखाना आहे, इथे खर्च करा’ ही मागणी आता विनंती म्हणूनच करता येते.

दुसरी तरतूद याहून अवघड आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या कायद्याने आधीच बंधनकारक असलेलं कामही त्यातून वगळलं गेलं. नियम रास्तच आहे, नाहीतर स्वतःची गटार दुरुस्त करून कंपनी समाजसेवेची पावती फाडेल. पण कंपनीच्या बजेटमध्ये याचा परिणाम उलटा दिसतो. कारखान्याने आपलं सांडपाणी मर्यादेपेक्षा स्वच्छ करून सोडलं तर तो निव्वळ खर्च ठरतो. दूरच्या टेकडीवर रोपं लावली तर फोटोसकट अहवालात जातो. खाडीला पहिल्याची गरज जास्त आहे, असं माझं मत.

रोपांच्या मोजणीला नंतर आणखी बळ मिळालं. ऑक्टोबर २०२३मध्ये ग्रीन क्रेडिटचे, म्हणजे पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण देण्याचे, नियम आले. फेब्रुवारी २०२४च्या कार्यपद्धतीनुसार कंपनीने पैसे भरायचे, वनखात्याने निकृष्ट वनजमिनीवर साधारण दोन वर्षांत लागवड करायची, हेक्टरी किमान ११०० झाडं धरायची, आणि तपासणीनंतर झाडामागे एक क्रेडिट द्यायचं. झुडपी माळही ‘निकृष्ट’ धरला गेल्यावर अभ्यासकांनी हरकत घेतली. त्या माळाची स्वतःची जीवसृष्टी असते. ऑगस्ट २०२५मध्ये पद्धत बदलली. आता पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, झाडोऱ्याचं छत्र किमान ४० टक्के लागतं आणि जगलेलीच झाडं मोजली जातात. सुधारणा चांगली आहे. कोणत्या जिल्ह्यातल्या पाण्याच्या बदल्यात कोणत्या जिल्ह्यातलं झाड, हे मात्र तिनेही विचारलं नाही.

याच काळात खाडीचा दर्जा वाढला : २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऐरोली आणि कोपरखैरण्याला रोज प्रत्येकी दोन कोटी लिटर सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करणारी केंद्रं उभी राहिली. हे पाणी टीटीसीतल्या कारखान्यांनी वापरावं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचेल आणि खाडीत जाणारा भारही कमी होईल, हा हेतू. मला तरी परत देण्याचं हे सर्वांत प्रामाणिक रूप वाटतं. पण पाणी विकत घेऊन उत्पादनात वापरायचं म्हणजे नेहमीचा व्यवसाय, त्यामुळे सीएसआरच्या खात्यात त्याला जागा नाही.

जागा आहे ती वेगळ्या अहवालात. २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक अहवाल सक्तीचा आहे. पाणी किती आणि कुठून घेतलं, किती प्रक्रिया करून सोडलं, हे त्यात लिहावं लागतं. अभयारण्य किंवा पाणथळ जागेजवळ काम चालत असेल तर मंजुऱ्यांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्या जागेच्या जैवविविधतेवर काय परिणाम झाला आणि तो भरून काढायला काय केलं, हा प्रश्न ऐच्छिक भागात आहे. टीटीसीतल्या लहान रसायन आणि इंजिनीअरिंग युनिटांना तर यातलं काहीच लागू नाही. त्यांचा संबंध फक्त प्रदूषण नियंत्रणाच्या संमतीपत्राशी येतो, आणि त्यात कमाल किती सोडायचं ते लिहिलेलं असतं, परत किती द्यायचं ते नाही.