'पॉइंट' वाढवायचाय? आधी एवढं सांगा

"दोन पॉइंट वाढवायचेत, किती होतील?" असा फोन आम्हा वायरिंगवाल्यांना रोज येतो. लगेच आकडा सांगितला नाही की ग्राहकाला वाटतं, आम्ही भाव लपवतोय. पण कुठले दोन, ते कळायला नको?

महाबळेश्वरला लोक पॉइंट बघायला जातात, डीटीपीवाला अक्षर बारा पॉइंटात घेतो, ऑस्ट्रेलियात नुसत्या सॉकेटला पॉवर पॉइंट म्हणतात. आमच्या हिशेबात बटण, तिथून दिव्यापर्यंतची वायर आणि टोकाचा होल्डर मिळून एक पॉइंट. त्यामुळे बोर्डावरची बटणं मोजून आमचं बिल ताडून बघू नका. जिन्यातला दिवा वरून-खालून लागतो तिथे बटणं दोन, दिवा एक. तो टू-वे पॉइंट. वायर जास्त लागते, म्हणून दरही जास्त. बोर्डातच बटणाशेजारी सॉकेट हवा असेल तर दर कमी. पंख्याच्या पॉइंटात रेग्युलेटर धरलेला नसतो, यावरून वाद फार होतात, म्हणून कोटेशनमध्ये तो वेगळा लिहितो.

खरा खोळंबा होतो गिझरपायी. फोनवर सांगतात "एक प्लग पॉइंट". पोरगा सहा अँपिअरचं सामान घेऊन पोचतो, तर बाथरूमच्या दारात गिझरचं खोकं! २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून) वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग लागतं. म्हणजे पोरगा परत दुकानात, आणि तुमचा-आमचा अर्धा दिवस गेला.

"मग कन्व्हर्जन प्लग लावून द्या ना," असं काही जण म्हणतात, म्हणजे मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा जोड. मोठ्या प्लगच्या पिना जाड केल्यात त्या लहान सॉकेटात जाऊ नयेत म्हणूनच. तरी जोडला की सॉकेट आधी पिवळा पडतो, मग भोकांभोवती करपतो. दुसरा कुणी करून देत असेल. आम्ही देत नाही.

तेव्हा फोन करताना कुठलं उपकरण आणि त्याच्या स्टिकरवर किती वॅट लिहिलंय ते सांगा. वायरसाठी भिंतीत झिरी (खाच) मारायची की भिंतीवरून पट्टी चालेल, हेही ठरवून ठेवा. रंग झाल्यावर झिरी मारायला आम्हालाही जिवावर येतं. बोर्डाचा आणि डीबीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलात तर प्रत्येक पॉइंटचा दर वेगळा लिहून कोटेशन देतो. नवीन फ्लॅटचं पूर्ण काम असेल तर प्लास्टरच्या आधी बोलवा, जागेवर येऊन मोजून देतो. त्याचे पैसे घेत नाही.