‘खेळ’ नेमका कशाला म्हणायचे? बालशिक्षणातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवावे, याला आज कागदावर तरी कुणाचा विरोध नाही. 2020चे शैक्षणिक धोरण तेच सांगते, ऑक्टोबर 2022मध्ये आलेला पायाभूत स्तराचा (वय तीन ते आठ) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तेच सांगतो आणि गल्लीतल्या प्लेग्रुपच्या फ्लेक्सवरही तेच छापलेले असते. पण तिघांच्या मनातला खेळ एक नाही. हा गोंधळ शंभर वर्षांचा आहे, आणि त्याची बरीचशी गाठ मराठी-गुजराती पट्ट्यातच बसली.

1837च्या सुमारास जर्मनीत लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंपासून सुरू झालेली फ्रोबेलची बालोद्यानाची (किंडरगार्टन) कल्पना सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती इथे उगाळत नाही. आपल्याकडचा धागा सुरू होतो तो रोमच्या गरीब वस्तीत 1907च्या जानेवारीत उघडलेल्या बालगृहापासून. तिथल्या डॉक्टर बाईंना, म्हणजे मारिया मॉन्टेसरींना, दिसले ते असे: खोलीत चांगली खेळणी ठेवलेली असतानाही मुले त्यांच्याकडे फारशी वळत नव्हती. त्यांना दट्ट्यांची पेटी (भोकांत बसवायचे लहान-मोठे लाकडी दट्टे), गुंड्या लावण्या-काढण्याची चौकट, केर काढणे, पाणी ओतणे यात गोडी होती. म्हणून मुलांच्या या उद्योगाला बाईंनी खेळ म्हटले नाही, ‘काम’ म्हटले. आज मॉन्टेसरीच्या नावाने जे चालते, त्यात हा मुद्दा जवळजवळ कुणालाच आठवत नाही.

या कामाची खुबी साधनात होती. दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा घ्या. सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू एक सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची दहा. एखादा ठोकळा चुकीच्या जागी गेला की मनोऱ्याच्या पायऱ्या बिघडतात आणि मुलाला ते दिसते. दट्ट्यांच्या पेटीत तर चुकल्यावर शेवटी एक दट्ट्या हातात उरतोच. शिक्षिकेने ‘चूक’ म्हणायची गरज पडत नाही. स्वावलंबन हा शब्द आपण दप्तर स्वतः उचलण्यापुरता वापरतो. इथे त्याचा अर्थ बराच खोल होता: आपले बरोबर आले का, हे विचारायला मोठ्या माणसाच्या तोंडाकडे न बघणे.

ही पद्धत 1920च्या दशकात गुजरातेत भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरातून इकडे रुजली, तेव्हाच तिच्यात भेसळ झाली. भेसळ हा शब्द कडक आहे, पण झाली ती चांगल्यासाठीच. मूळ पद्धत परीकथा आणि कल्पनेच्या खेळांबद्दल हात राखून होती. भावनगरकरांनी गोष्टी, गाणी, नाटुकली बेधडक आत घेतली. शिक्षिका ठोकळ्यांना ‘साधने’ म्हणत, घरची मंडळी मात्र त्यांना खेळणीच समजत. परिणामी भातुकली, बडबडगीत आणि मनोरा हे तिन्ही एकाच ‘खेळ’ शब्दात जाऊन बसले. वास्तविक भातुकलीत मूल स्वतःच नियम करते, मनोऱ्यात नियम साधनाचा असतो आणि बडबडगीतात शिक्षिकेचा. मूल तिन्हींतून शिकते, पण स्वतंत्र होते ते पहिल्या दोहोंत. हे माझे मत आहे; गाणी-कृतींवर आयुष्य घालवलेल्या ताईंना ते पटणार नाही.

त्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा डहाणू तालुक्यातला. 1945च्या अखेरीस बोर्डीच्या किनारी गावात ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी त्याच भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटलेला होता. शहरातल्या बालमंदिराचा आराखडा इथे पहिल्याच झटक्यात अपुरा ठरला. साधने महाग होती, हे तर होतेच. पण मूळ अडचण अशी की मुले यायचीच नाहीत. पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, आणि थोडा मोठा झालेला मुलगा गुरांमागे. तेव्हा काम करणाऱ्या दोघींनी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, शाळाच पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना जमवायचे, आधी तोंड-हात धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. इटालियन साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. 1957मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. म्हणजे भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शकली.

शिंपले आल्याने पैसे वाचले, एवढेच आपण सहसा ऐकतो. पण शिंपला चूक दाखवत नाही. शंभर शिंपले लहान-मोठे लावताना चौथा आणि पाचवा यांत फरक काय, हे मुलांनाच आपसात ठरवावे लागते. गुलाबी मनोऱ्याचे एकच उत्तर असते. शिंपल्यांना रंगाने लावा, आकाराने लावा, नाहीतर त्यांची भाकरी-भाजी करा. काम आणि खेळ यांतली भिंत इथे खरोखर पडली, आणि तीही सैद्धांतिक वाद न घालता.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, तपासणी, संदर्भसेवा (गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. त्या सांभाळायला माणसे मात्र दोनच, सेविका आणि मदतनीस. वजनाची, आहाराची, लसीची नोंद रजिस्टरात दिसते. मुलाने अर्धा तास वाळूत बोगदा खणला, याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते मागे पडले.

दुसरीकडे शहरांत उलटे वारे होते. छोट्या शिशूच्या प्रवेशासाठी मुलाखती होऊ लागल्या. दप्तराच्या ओझ्यावर नेमलेल्या केंद्रीय समितीने 1993मध्ये त्या बंद करा आणि या वयात औपचारिक लेखन-वाचन-अंक लादू नका, असे स्पष्ट लिहिले. फरक फारसा पडला नाही. राज्याने 2000पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू केले, तेव्हा ‘मग केजीतच ए-बी-सी-डी झालेली बरी’ असे पालकांना वाटले, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने सक्ती 6 ते 14 वयापुरती ठेवली. तीन ते सहासाठी कलम 11मध्ये सरकार व्यवस्था करू शकेल, इतकेच. त्या ‘शकेल’मध्ये खासगी प्लेग्रुप फोफावले.

2022चा आराखडा या शब्दाचा गुंता निदान मान्य तरी करतो. खेळाचे तो तीन प्रकार पाडतो: मुक्त, मार्गदर्शित आणि रचनाबद्ध. नमुना वेळापत्रकात मुक्त खेळालाही जागा आहे. पण त्याआधीच, जुलै 2021मध्ये, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा, हे 2026-27चे लक्ष्य जाहीर झाले होते. लक्ष्य म्हटले की मोजणी आली, आणि मोजता येतो तो रचनाबद्ध खेळ. फेब्रुवारी 2023मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, तक्ते यांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आली. पेटी चांगली आहे.

गेल्या वर्षी एका अंगणवाडीत गेलो होतो. खेळण्यांचा संच कुलूपबंद पत्र्याच्या कपाटात होता. ‘एक ठोकळा हरवला तरी साठा नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं, दादा,’ सेविका म्हणाल्या. मदतनीसताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक साडेतीन-चार वर्षांची मुलगी त्यांच्या सुपाशेजारी बसून निवडलेले खडे वेगळ्या वाटीत टाकत होती, आणि मधूनच एखादा खडा परत काढून तांदळाच्या दाण्याशी ताडून बघत होती. तिला हे कुणी सांगितलेले नव्हते. थोड्या वेळाने सेविकांनी टाळी वाजवली, ‘चला, खेळायची वेळ झाली’, आणि तिला उठवून गोलात उभे केले.