सूर हरवलेले दोन फलंदाज

१३ एप्रिल २०१९ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा ख्रिस डेव्हिस पहिल्या इनिंगमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) रिक पॉर्सेलोसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या नावावर ओळीने ५४ निष्फळ, म्हणजे एकही हिट न मिळालेले, प्रयत्न जमा झाले होते (फटक्याच्या जोरावर बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, सुरक्षित गाठला की ती हिट). त्यांतील २१ आदल्या हंगामाच्या अखेरचे होते आणि ३३ नव्या हंगामाच्या सुरुवातीचे. त्याआधीचा ४६ प्रयत्नांचा नकोसा विक्रम युजेनिओ वेलेझच्या नावावर होता. पॉर्सेलोचा चेंडू डेव्हिसने उजवीकडे टोलावला, दोन धावा झाल्या आणि त्याच सामन्यात त्याने आणखी दोन हिट मिळवल्या. सहा वर्षांपूर्वी, २०१३ मध्ये, याच खेळाडूने एका हंगामात ५३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे सीमेपार गेलेले फटके) मारले होते.

अशा वेळी प्रेक्षक आणि संघमालक दोघांनाही एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे हा गडी पुन्हा उभा राहील का? संख्याशास्त्राकडे याचे सरळ हो-नाही उत्तर नाही. मात्र प्रश्न कोणत्या बाजूने उलगडायचा, हे ते सांगू शकते. त्यासाठी डेव्हिसच्या शेजारी दुसरा एक फलंदाज उभा करून पाहावा लागेल. तो म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्सचा ॲडम डन, २०११ सालचा.

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी म्हणजे दर बादमागे धावा नव्हेत, तर अधिकृत प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाली याचे प्रमाण होय. पिचरने चार चेंडू फटका मारण्याजोग्या ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आयता मिळतो. त्याला वॉक म्हणतात आणि तो या सरासरीत धरला जात नाही. ०.२५० ही बरी सरासरी मानली जाते. डनची २०११ मधील सरासरी ०.१५९ होती (४१५ पैकी ६६) आणि डेव्हिसची २०१८ मधील ०.१६८ (४७० पैकी ७९). क्रमवारीत गणना होण्यासाठी वॉक धरून हंगामात ५०२ वेळा फलंदाजीला यावे लागते आणि डन ४९६ वरच थांबला. त्या सहा खेपांच्या फरकामुळे नीचांकाचा विक्रम त्याच्या नावावर लागला नाही. सात वर्षांनी तो डेव्हिसच्या वाट्याला आला.

दोघेही डावखुरे, धिप्पाड, होमरनसाठी प्रसिद्ध. दोघांशीही मोठे करार झालेले होते, डनशी चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलरचा आणि डेव्हिसशी सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाखांचा. घसरणीच्या हंगामात एकाचे वय ३१ होते आणि दुसऱ्याचे ३२.

अशी तुलना करताना पहिले हत्यार म्हणजे सरासरीकडे परतण्याचे तत्त्व. फ्रान्सिस गॉल्टन या संशोधकाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची आकडेवारी मांडून ते दाखवून दिले. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने पाहता तेवढी उंच नसतात. एखाद्या टोकाच्या निकालात गुणांबरोबर योगायोगाचाही वाटा असतो आणि तो योगायोग पुढच्या खेपेला तसाच उपस्थित राहील याची हमी नसते. म्हणून अतिशय वाईट हंगामानंतरचा हंगाम बहुधा थोडा बरा जातो, मग प्रशिक्षकाने काही केलेले असो वा नसो. (प्रशिक्षकांना मिळणारे बरेचसे श्रेय मला याच खात्यातले वाटते.)

अडचण अशी की परतायचे ते नेमके कोणत्या सरासरीकडे? डनने २००४ ते २०१० या सातही हंगामांत किमान ३८ होमरन मारले होते आणि तोवरची त्याची एकूण सरासरी ०.२५० होती. त्या हिशेबाने २०११ मध्ये त्याला सुमारे १०४ हिट मिळायला हव्या होत्या, पण ३८ कमी पडल्या. एवढ्या प्रयत्नांत केवळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण ९ हिटचा असतो. त्याच्या चौपटीहून मोठा खड्डा निव्वळ दुर्दैवाने पडत नाही, काहीतरी खरोखरच बिघडलेले असते. एप्रिलमध्ये त्याच्या अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि आठवड्याच्या आतच तो मैदानात परतला. त्याच्यासाठी लीग नवी होती, पिचर अनोळखी होते आणि क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजीपुरते उतरण्याची भूमिकाही नवी होती. डावखुऱ्या पिचरविरुद्ध त्याला ९४ प्रयत्नांत फक्त ६ हिट मिळाल्या. तरीही ही सारी कारणे एका वर्षाची होती. डेव्हिसचा आलेख मात्र २०१५ पासून ०.२६२, ०.२२१, ०.२१५, ०.१६८ असा पायरीपायरीने उतरत आला होता. एक कड्यावरून पडला होता, दुसरा उतार उतरत होता.

दुसरे हत्यार नशीब मोजण्याचे. होमरन आणि स्ट्राइकआउट (तीनदा चेंडू हुकल्याने किंवा चौकटीतला चेंडू सोडल्याने बाद होणे) वगळून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले, हे पाहिले जाते. सर्वसाधारणपणे शंभरातील तीसच्या आसपास ठरतात. दोघांच्याही वाईट हंगामांत हे प्रमाण शंभरास २४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. पण आकडा सारखा असला तरी त्यामागचे कारण सारखे असेलच असे नाही. २०१८ पर्यंत डावखुऱ्या फलंदाजांसाठी क्षेत्ररक्षक उजव्या बाजूला गोळा करण्याची पद्धत, म्हणजे शिफ्ट, सर्रास रूढ झाली होती. २०११ मध्ये ती फार कमी दिसे आणि २०२३ पासून तर तिच्यावर नियमानेच बंधन आले. त्यामुळे डेव्हिसच्या बाबतीत ज्याला दुर्दैव म्हणावे, त्यातला काही भाग प्रतिस्पर्ध्यांनी विचारपूर्वक रचलेला होता आणि तो पुढच्या वर्षी आपोआप ओसरणारा नव्हता.

आता कपट्यावर करता येईल असा एक हिशेब करून पाहू. टॉम टँगो या विश्लेषकाच्या साध्या अंदाजपद्धतीत अलीकडच्या तीन हंगामांना ५, ४ आणि ३ असे वजन दिले जाते. तिच्यातील इतर दुरुस्त्या बाजूला ठेवून केवळ सरासरींना हे वजन दिले, तर डनसाठी (०.१५९, ०.२६०, ०.२६७) पुढच्या वर्षीचा अंदाज ०.२२० निघतो आणि डेव्हिससाठी (०.१६८, ०.२१५, ०.२२१) ०.१९७. प्रत्यक्षात डनने २०१२ मध्ये ०.२०४ आणि डेव्हिसने २०१९ मध्ये ०.१७९ गाठले. दोघेही किंचित सुधारले आणि दोघेही अंदाजापेक्षा जवळजवळ सारख्याच अंतराने कमी पडले. तिशी ओलांडलेल्या फलंदाजाकडून वय आपला हप्ता वसूल करते, तो या हिशेबात धरलेला नाही. निव्वळ सरासरीवर नजर ठेवली असती, तर दोघांच्या पुनरागमनात फारसा फरक दिसलाच नसता.

फरक दिसतो तो वॉकमध्ये. विश्लेषक रसेल कार्लटन यांच्या अभ्यासानुसार स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण ६० खेपांत आणि वॉकचे १२० खेपांत भरवशाचे ठरते, तर सरासरीला ९०० च्या आसपास प्रयत्न लागतात, म्हणजे एक हंगामही पुरत नाही. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. बॅट मंदावली की फलंदाजाला निर्णय आधी घ्यावा लागतो आणि मग सोडून द्यायच्या चेंडूंनाही बॅट लागू लागते किंवा हुकू लागते. डनला २०११ मध्ये ४९६ खेपांत ७५ वॉक मिळाले, म्हणजे शंभरास १५. हे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा जास्तच होते. फटके बसत नव्हते, पण नजर शाबूत होती. डेव्हिसचे प्रमाण मात्र २०१६ मधील शंभरास १३ वरून २०१८ मध्ये ८ वर आले. माझ्या मते दोघांना वेगळे ओळखू देणारी खूण हीच होती. होमरनवरून ती दिसली नसती, कारण वाईट हंगामात डनने ११ आणि डेव्हिसने १६ मारले होते.

२०१२ मध्ये डनने ४१ होमरन मारले, १०५ वॉक मिळवले आणि २२२ वेळा स्ट्राइकआउट झाला. एका हंगामातील स्ट्राइकआउटच्या तेव्हाच्या विक्रमाला केवळ एकच कमी पडला. संघाला हवा होता तो फलंदाज असा, आपल्या सगळ्या जुन्या खोडींसह, परत मिळाला. डेव्हिसने २०१९ मध्ये १२ होमरन मारले. गंमत म्हणजे त्या वर्षी त्याचे वॉकचे प्रमाण पुन्हा वाढले होते, म्हणून वरची खूणही ब्रह्मवाक्य मानता येत नाही. स्ट्राइकआउट मात्र दर पाच खेपांमागे जवळजवळ दोन झाले होते. २०२० मध्ये तो १६ सामने खेळला आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, कराराची मुदत शिल्लक असतानाच, ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.