मोडेम चिपच्या डिझाइनचा परवाना: पैसा कुठे आला, कुठे आटला

कारखाना काढायचा नाही, चिपही विकायची नाही. मोडेमचं डिझाइन चिप उत्पादकांना परवान्यावर द्यायचं आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे रॉयल्टी घ्यायची. कागदावर हा धंदा फार देखणा दिसतो. त्यात पैसे घालण्याआधी डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या तंत्राचा, इतिहास पाहायलाच हवा, कारण तिथे हा प्रयोग सुरुवातीपासून शेवटापर्यंत होऊन गेला आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस बेलकोर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत जोसेफ लेकलायडर यांनी एडीएसएल या डीएसएलच्या प्रकाराची कल्पना पुढे आणली: ग्राहकाकडे येणारा वेग जास्त, जाणारा कमी. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन सिऑफी यांनी १९९१ मध्ये अमाटी ही कंपनी काढली. तिचं डीएमटी (डिस्क्रीट मल्टिटोन) तंत्र आजही समजून घेण्यासारखं आहे. तांब्याच्या तारेवरचा १.१०४ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्‌झ अंतरावरच्या २५६ टोनमध्ये, म्हणजे छोट्या उपपट्ट्यांमध्ये, वाटला जातो. मोडेम चालू होताच प्रत्येक टोनवर किती गोंगाट आहे ते मोजतो. शांत टोनवर १५ बिटपर्यंत माहिती चढवतो, खराब टोन रिकामा सोडतो, आणि हा सगळा गठ्ठा सेकंदाला ४,००० वेळा पाठवतो. एखादं रेडिओ केंद्र मध्ये आलं तर दोन-चार टोन जातात, जोडणी टिकते. १९९३च्या बेलकोर चाचण्यांत डीएमटी सरस ठरलं आणि अमेरिकी मानकात तेच घेतलं गेलं.

१९९७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने अमाटी सुमारे ३९.५ कोटी डॉलरला विकत घेतली. अमाटीच्या भागधारकांच्या हाती मोठा पैसा पडला तो या खरेदीतून. रॉयल्टीचा ओघ सुरू होईपर्यंत कंपनी स्वतंत्र उरलीच नाही.

परवान्याच्या धंद्याचं खरं उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्‌सची अवेअर. १९९६ मध्ये ती शेअर बाजारात आली. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस आणि इन्फिनिऑन हे तिचे मोठे ग्राहक होते. अशा व्यवहारात पैसा तीन वाटांनी येतो: सुरुवातीचं परवाना शुल्क, डिझाइन ग्राहकाच्या चिपमध्ये बसवून देण्याचं अभियांत्रिकी शुल्क आणि नंतर नगामागे रॉयल्टी. पहिले दोन लवकर मिळतात. गुंतवणूकदार शेअरला भाव देतो तो मात्र तिसऱ्याच्या आशेवर.

तिथेच गणित फसतं. समजा चिप २० डॉलरची आणि रॉयल्टी ३ टक्के. म्हणजे नगामागे ६० सेंट. किंमत ५ डॉलरवर आली की उरतात १५ सेंट, आणि तेवढीच कमाई टिकवायला चौपट नग खपावे लागतात. शिवाय परवान्यात मिळतो तो मुख्यतः डिजिटल भाग आणि फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारं सॉफ्टवेअर. तारेला भिडणारा अ‍ॅनालॉग भाग प्रत्येक उत्पादन प्रक्रियेसाठी नव्याने जुळवावा लागतो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या डीएसएलॅमशी (ग्राहकांच्या डीएसएल तारा जिथे जोडल्या जातात त्या यंत्राशी) मोडेम जुळतो का, हे तपासण्यात महिने जातात.

मानकंही थांबत नाहीत. १९९९ मध्ये जी.डीएमटी, २००२ मध्ये एडीएसएल२, २००३ मध्ये ५१२ टोनचं एडीएसएल२+, त्यानंतर ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत जाणारं व्हीडीएसएल२. दर वेळी डिझाइनवर नव्याने खर्च. प्रोसेसरचं डिझाइन फोनपासून प्रिंटरपर्यंत कुठेही चालतं, म्हणून प्रोसेसरची डिझाइन्स परवान्यावर देणाऱ्या आर्म कंपनीचं उदाहरण इथे लावणं मला चुकीचं वाटतं. मोडेमचं डिझाइन एका मानकाला आणि एका तारेला बांधलेलं असतं.

सगळ्यात मोठा फटका ग्राहक आटण्याचा. डीएसएल चिप बनवणाऱ्या ग्लोबस्पॅन आणि विराटा २००१ मध्ये एक झाल्या आणि २००४ मध्ये कोनेक्संटमध्ये विलीन झाल्या. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने आपला एडीएसएल चिपचा व्यवसाय २००६ मध्ये इकानोस या दुसऱ्या चिप कंपनीला विकला. कोनेक्संटचा ब्रॉडबँड विभागही २००९ मध्ये इकानोसकडेच गेला. त्याच वर्षी इन्फिनिऑनमधून वेगळ्या झालेल्या लँटिकने अवेअरचा डीएसएल परवान्याचा व्यवसाय घेतला, अवघ्या ६७.५ लाख डॉलरना.

पेटंटांचं मोल मात्र वेगळं निघालं. २०१२ मध्ये इंटेलने अवेअरची वायरलेस आणि होम नेटवर्किंगची पेटंटं ७.५ कोटी डॉलरना घेतली. डीएसएलची पेटंटं टीक्यू डेल्टा या पेटंट बाळगणाऱ्या कंपनीकडे गेली आणि त्यांवर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. म्हणून अशी कंपनी तपासताना डिझाइन आणि पेटंट यांचे हिशेब वेगळे मांडावेत. डिझाइन जुनं होतं. पण मानकात घुसलेलं पेटंट मुदत संपेपर्यंत पैसे मागू शकतं, फक्त ते वाजवी दरात सगळ्यांना देण्याचं बंधन सहसा असतं.

वार्षिक अहवालात आधी पाहावं, १० टक्क्यांहून जास्त महसूल देणारे ग्राहक किती आणि कोण. मग परवाना शुल्क आणि रॉयल्टी यांचे आकडे शेजारी ठेवावेत. करारापासून चिप बाजारात यायला दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि रॉयल्टीचा आकडा बऱ्याचदा एक तिमाही उशिरा कळतो. एवढी सवलत देऊनही शुल्क वाढतंय आणि रॉयल्टी तीन वर्षं जागची हलत नसेल, तर ग्राहकांनी डिझाइन घेतलं आहे, पण त्यावरची चिप खपत नाही.