'काळ'कर्त्यांचा उपरोध आला कुठून?

शिवराम महादेव परांजपे यांनी 'काळ' हे साप्ताहिक पुण्यात २५ मार्च १८९८ रोजी सुरू केलं. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. आदल्या वर्षी पुण्यात प्लेग, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिने. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या 'अप्रीती' (disaffection) या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! १८९८ मध्ये राजद्रोहाचं हे कलम, १२४अ, आणखी आवळलं गेलं. 'काळ'ला महिनाही झाला नव्हता, तोच १८ एप्रिलला दामोदर चापेकर रँडच्या हत्येबद्दल येरवड्यात फासावर गेले.

या हवेत सरळ लिहिणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रणच. शिवरामपंत महाडचे, संस्कृतचे एम. ए. व्याजस्तुती त्यांच्या हाडीमाशी होती. आपण शाळेत हा अलंकार दोन मार्कांपुरता पाठ करतो. त्यांनी तो अग्रलेखाला जुंपला. वरून स्तुती, आत निंदा. पारतंत्र्याचे फायदे गंभीर चेहऱ्याने मोजत जायचं, शब्द एकही आक्षेपार्ह नाही, वाचक मात्र आधी हसतो आणि मग गप्प होतो. कोर्टात असा मजकूर इंग्रजी भाषांतरातून उभा राही. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात नऊपैकी सात ज्युरर युरोपियन होते, दोन पारशी. मराठी टोमणा इंग्रजीत नेऊन त्यातला राजद्रोह अशांना दाखवायचा, हे सरकारी वकिलाला सोपं नव्हतं. माझ्या मते 'काळ' १९०८ पर्यंत दहा वर्षं तगला, त्यात या वाकड्या बोलीचा वाटा मोठा आहे. आज ते निबंध वाचताना वाक्यं पल्लेदार, कधी कधी फारच पल्लेदार वाटतात, हेही खरं.

एप्रिल १९०८ मध्ये बिहारात मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बाँबनंतर मात्र ही ढाल पुरली नाही. जून १९०८ मध्ये शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या खटल्यासाठी टिळक मुंबईला गेले, तर २४ जूनला सरदारगृहात त्यांनाच पकडलं. शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या प्रेस ॲक्टने तर खटल्याचीही गरज ठेवली नाही. जामीन म्हणून अनामत रक्कम मागितली की काम भागे. त्याच वर्षी 'काळ' बंद पडला. निवडक निबंधांचे खंड निघाले, तेही जप्त झाले.

पुढे १९२० मध्ये त्यांनी 'स्वराज्य' साप्ताहिक काढलं, गांधींच्या असहकाराची बाजू घेतली आणि मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात १९२२ साली सहा महिने तुरुंगात काढले. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २७ सप्टेंबरला गेले. संमेलनाने ज्या निबंधकाराला अध्यक्ष केलं, त्याचे निबंध तेव्हाही सरकारजमाच होते.