टाइमझोन-जुळणीतील दोष

सर्व्हर, डेटाबेस, ब्राउझर यांपैकी एखादा घटक भारतीय प्रमाणवेळेऐवजी वेगळी वेळ धरून चालल्यामुळे नोंदींच्या तारखा व वेळा सरकण्याचा प्रकार. नागपुरात मिहान आणि परसोडी येथील आयटी कार्यालयांना, तसेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे.

निदानात फरकाचे माप सर्वांत उपयोगी पडते. भारतीय वेळ यूटीसीच्या (जगभर संदर्भासाठी धरल्या जाणाऱ्या समन्वित वेळेच्या) ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्ट, १८:३० अशी साठते आणि पुढे कोणी नुसती तारीख उचलली, तर ती एक दिवस मागची निघते. नोंदींत वारंवार १८:३० दिसत असेल, तर आधी सेटिंग पाहावी, कोड नंतर. पहाटे २ चे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) सकाळी ७:३० ला चालणे हाही त्यातलाच प्रकार. फरक साडेतीन तासांचा असल्यास संशय ‘आयएसटी’ (इंडियन स्टँडर्ड टाइम) या संक्षेपावर घ्यावा. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या मूळ सेटिंगमध्ये त्याचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ असा आहे. म्हणून संक्षेप टाळून ‘एशिया/कोलकाता’ असे पूर्ण नाव देणे इष्ट. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत मात्र टाइमझोनची कोष्टके आधी भरलेली नसतील, तर नावाने केलेले रूपांतर एररऐवजी नुसते ‘नल’ (रिकामे मूल्य) देते. अल्पाइन या छोट्या लिनक्सवरील डॉकर इमेजमध्ये (ॲप चालवण्याच्या तयार साच्यात) टाइमझोनची माहिती देणारे टीझेडडेटा पॅकेज नसल्यास हे नाव निमूटपणे दुर्लक्षिले जाते व घड्याळ यूटीसीवरच राहते.

१९४५ पूर्वीच्या तारखांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. संगणक प्रणाली वापरतात त्या टाइमझोनच्या सामायिक नोंदसंग्रहात, म्हणजे टीझेड डेटाबेसमध्ये, साऱ्या भारतासाठी कोलकाता हा एकच विभाग असून त्याचा इतिहास आवृत्तीगणिक बदलला आहे. जुन्या आवृत्त्यांत ५ तास ५३ मिनिटे २० सेकंदांची कलकत्ता वेळ १९४१ पर्यंत चालू दाखवली आहे. नव्या आवृत्त्या १८७० पासून ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांची मद्रास वेळ आणि १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ धरतात. मद्रास वेळ ही रेल्वेची वेळ असल्याने नागपूरपुरती तरी दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. येथील स्थानिक सौरवेळ रेखांशानुसार सुमारे ५ तास १६ मिनिटे येते, म्हणजे मद्रास वेळेशी अंतर पाचेक मिनिटांचेच राहते. (नागपुरातील झिरो माइलच्या स्तंभाचा प्रमाणवेळेशी संबंध नाही, प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२° ३०′ पूर्व हे मिर्झापूरजवळून जाते.) व्यवहारात आवृत्त्यांमधील या फरकाचा परिणाम असा, की १९३० ची जन्मतारीख जुन्या व नव्या लायब्ररीत वेगवेगळी सरकते. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळे युद्धकालीन वेळेनुसार आणखी एक तास पुढे होती, म्हणून १९४३ मधील मध्यरात्र यूटीसीत १७:३० अशी उमटते. निवृत्तिवेतन किंवा जुन्या दस्तांच्या प्रणालींत जन्मतारखेला वेळ न जोडता ती केवळ तारीख या प्रकारात साठवावी.

एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स असल्यास लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले आढळते. हार्डवेअर घड्याळात लिनक्स यूटीसी ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलली की पुरते.